शीतगृहाला कुलूप लावले, बुरशी आतच राहिली



कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात पैसा दोन वाटांनी येतो. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि उधारी फेडण्यात आल्या पावली निघून जातो. दुसरा पैसा दुधाचा. तो थोडा असतो, पण रोजचा असतो. मीठ-मिरची, पोराची वही, एस.टी.चे तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी याच पैशावर भागते. ज्वारीने माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा दिला, सरकीने ढेप दिली आणि त्या कडब्या-ढेपेचे दूध झाले. म्हणजे दूध हे काही एकट्या बागायतदाराचे पीक नव्हे. ते आपल्या कापूस-ज्वारीतूनच निघालेले तिसरे पीक आहे.

या पिकाची एक खोड आहे. ते थांबत नाही. भाव पडला तर कापूस घरात भरून ठेवता येतो, ज्वारी कणगीत राहते. सकाळचे दूध संध्याकाळपर्यंत गेले नाही तर फाटते. आणि ज्याचा माल थांबू शकत नाही त्याला भाव बोलता येत नाही. समोरचा देईल ते मुकाट घ्यावे लागते.

दूध थांबवण्याचा आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे खवा. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, वाशी, परंडा भागात खव्याच्या भट्ट्या पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत आणि कुंथलगिरीचा पेढा तर महाराष्ट्रभर नावाजलेला. जिथे दूध संकलनाची गाडी पोहोचत नव्हती तिथे ही भट्टी हाच दुधाचा बाजार होता. म्हशीचे साधारण पाच लिटर दूध आटवले की किलोभर खवा होतो. वजन पाचव्या हिश्शावर आले, वाहतूक सोपी झाली आणि दूध फाटण्याची धास्ती संपली. पण खवाही फार थांबत नाही. उन्हाळ्यात तो दोन-चार दिवसांत आंबूस होतो, वास मारू लागतो.

हिवाळ्यात दूध वाढते तेव्हा खव्याला गिऱ्हाईक नसते. उन्हाळ्याच्या लग्नसराईत गिऱ्हाईक असते तेव्हा जनावरे आटलेली असतात. हा मधला काळ ओलांडायचा तर खवा थंड ठेवला पाहिजे. म्हणून आता गावोगाव एकच बोलणे ऐकू येते: गटाने पैसे जमवावेत, अनुदान मिळाले तर घ्यावे, शीतखोली बांधावी. नाहीतर जवळच्या शीतगृहात भाड्याने जागा घ्यावी.

बोलणे योग्य आहे. त्याला आमचा विरोध नाही. पण त्यामागे एक समजूत दडलेली आहे आणि ती महागात पडणारी आहे. समजूत अशी की माल एकदा थंडीत ठेवला, दाराला कुलूप लावले, की काळजी मिटली. दोन महिन्यांनी दार उघडावे तर खव्याच्या पिंडीवर हिरवे-काळे ठिपके, पनीरवर चिकट साय, श्रीखंडाच्या डब्यात झाकणाखाली पांढरी लव. वीज बिल भरले, भाडे भरले आणि माल गेला. म्हणून शीतखोलीची वर्गणी गोळा करण्याआधी बुरशीचा हिशेब समजून घेतला पाहिजे.

बुरशी येते कुठून?

पहिली गोष्ट नीट ध्यानात घ्या. कढईत बुरशी नसते. दूध उकळून, आटवून, गोळा होईपर्यंत जी आच लागते तिच्यात जवळजवळ सगळ्या बुरशी आणि त्यांची बीजे मरतात. भट्टीवरून उतरलेला खवा म्हणजे जवळपास निर्जंतुक माल. म्हणजे दोन महिन्यांनी जी बुरशी दिसते ती कढई उतरल्यानंतर आपणच त्याच्यावर पेरलेली असते.

पेरणी कशी होते? खवा परातीत काढून उघडा निवत ठेवला. शेजारी कडब्याची कुट्टी चालली आहे, ज्वारीचे कुसपट उडते आहे. त्या धुळीत बुरशीची बीजे असंख्य असतात, डोळ्यांना दिसत नाहीत इतकेच. मग आदल्या दिवशीचे ओलसर फडके वर टाकले. ढेपेच्या पोत्याला लागलेला हात तसाच पिंडी वळायला घेतला. बांबूची टोपली मागच्या खेपेची, तिच्या विणीत जुना खवा अडकलेला. बी पडले, ओल आहे, खाद्य तर दुधासारखे सकस. उगवण होणार नाही तर काय होईल?

शेतकऱ्याला हे वेगळे शिकवायला नको. तण उगवल्यावर खुरपायचे की बी पडण्याआधी रोखायचे, हे आपल्याला ठाऊक आहे. खव्याच्या बाबतीत तर खुरपणी नावाची गोष्टच नाही. जे काही करायचे ते बी पडण्याआधी.

थंडी काय करते आणि काय करत नाही

थंडी बुरशीला मारत नाही. तिची चाल मंद करते. घरच्या फ्रीजमध्ये किंवा शीतखोलीत ४ अंश सेल्सियस तापमान असते. तेवढ्या थंडीत दूध आंबवणारे बहुतेक जंतू गपगार होतात, पण पेनिसिलियम जातीची हिरवी-निळी बुरशी तिथेही हळूहळू वाढते. काही बुरशी तर शून्याच्या थोड्या खालीही तग धरून वाढतात. उणे १८ अंशांवर, म्हणजे माल दगडासारखा गोठवला, तर वाढ थांबते. तरी बीज मरत नाही. माल बाहेर काढून वितळू लागला की ते जागे होते.

बुरशी थंडीत किती सुखाने नांदते याचा दाखला फ्रान्समध्ये आहे. त्या देशाच्या दक्षिणेला रोकफोर नावाचे गाव आहे. तिथल्या डोंगरातल्या गुहा बारा महिने गार आणि दमट असतात. त्या गुहांत मेंढीच्या दुधाचे चीज ठेवून त्यात निळी बुरशी मुद्दाम वाढवतात आणि ते चीज जगभर चढ्या भावाने विकतात. यावरून कोणी असे समजू नये की आपल्या खव्यावरची बुरशीही खाण्याजोगी आहे. त्यांची बुरशी बेण्यासारखी निवडलेली, पारखलेली असते. आपल्याकडची उकिरड्यावरून उडत आलेली. दाखला एवढ्यासाठीच दिला की गार आणि दमट जागा बुरशीचे घर होऊ शकते. आपण शीतखोली बांधायची ती दुधाच्या मालासाठी. ती बुरशीची गुहा होऊ नये, इतकेच.

आंबट पदार्थ टिकतो, ही दुसरी समजूत. चक्का, श्रीखंड, दही यांच्या आंबटपणाने बरेच जंतू अडतात हे खरे. बुरशीला मात्र आंबटपणाची अडचण वाटत नाही. उलट बाकीचे जंतू हटले की तिला रान मोकळे मिळते.

पेवाचा धडा

मग बुरशी अडते कशाने? उत्तर आपल्या वाडवडिलांनी जमिनीत पुरून ठेवले आहे. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे ज्वारी पेवात ठेवण्याची रीत होती. खोल खड्डा, कडेने कडबा किंवा पेंढा, आत ज्वारी, तोंड मातीने लिंपून बंद. आत हवा उरत नसे. दाणा स्वतःच श्वास घेऊन आतली हवा संपवी. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे, उतरला तर जीव गुदमरे. अशा पेवात ज्वारी वर्षानुवर्षे राही. खराब होई ती कुठली? तोंडाजवळची आणि कडेची, जिथे ओल झिरपे आणि हवा शिरे.

सगळे शास्त्र यात आले. बुरशीला हवा लागते आणि पाणी लागते. दोन्ही तोडा, ती जगत नाही. एक तोडा, ती लंगडते. थंडी ही या दोघांच्या जोडीला धावून येणारी तिसरी मदतनीस आहे. ती एकटी पुरत नाही.

तूप बघा. तुपात पाणी जवळपास नसतेच, अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून तूप फडताळात महिनोन्‌महिने राहते, त्याला बुरशी येत नाही. लोण्यात पाणी असते, त्यामुळे लोण्याला येते. दूध भुकटीत पाणी चार-पाच टक्के, म्हणून ती कोरडी राहिली तर टिकते आणि पिशवी ओलावली तर गोळे होऊन बिघडते. वर्ध्याचा गोरसपाक प्रवासात नेतात तो काही शीतपेटीत घालून नेत नाहीत. तुपात केलेला, भाजून कोरडा झालेला पदार्थ आहे तो. उलट पनीरमध्ये निम्म्याहून अधिक पाणी, म्हणून थंडीत ठेवूनही पृष्ठभाग आधी चिकट होतो.

पाणी विकायचे की खवा?

इथे आपल्याला स्वतःच्या घराकडे बघावे लागेल. भारतीय मानकांच्या वर्गवारीत खव्याचे तीन प्रकार आहेत: पिंडी, दाणेदार आणि धाप. पिंडी सगळ्यांत घट्ट, तिच्यात तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पाणी. धाप मऊ, तिच्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास. गुलाबजामला धाप लागतो, कलाकंदाला दाणेदार, पेढा-बर्फीला पिंडी. आज भट्टी, उद्या हलवाई, असा व्यवहार असेल तर धाप करायला काहीच हरकत नाही. पण दोन महिने ठेवायचा खवाही थोडा ओला ठेवून वजन वाढवण्याचा मोह होतो. व्यापारी वजनावर भाव देतो, गुणावर देत नाही, मग आम्ही तरी का आटवावे, असे भट्टीवाला म्हणतो. त्याचे म्हणणे चुकीचे नाही. गुणाला भाव नसेल तर गुण येणार नाही. पण ठेवणीचा माल जर आपल्याच गटाचा असेल, तो विकण्याची वेळ आपणच ठरवणार असू, तर ते जादा पाणी आपल्याच पैशाने थंड करून आपण बुरशीला पाजतो. ठेवायचा खवा घट्ट पिंडीचाच हवा. गटाने तो घेताना वजनाबरोबर घट्टपणा पाहून भाव दिला पाहिजे. जो जास्त आटवतो त्याचे जळण जास्त जाते, दूधही जास्त जाते. त्याला त्याचा मोबदला मिळाला नाही तर नियम कागदावर राहील.

हवेचे काय? खवा दोन रीतींनी भरता येतो. एक रीत कढत भरण्याची. कढईतून उतरलेला खवा वाफाळता असतानाच उकळत्या पाण्याने धुऊन कोरड्या केलेल्या डब्यात गच्च दाबून भरायचा, वर पोकळी ठेवायची नाही आणि लगेच झाकण घट्ट लावायचे. उष्णतेने डब्याच्या आतल्या बाजूचे उरलेसुरले बीजही मरते. मग बंद डबा पाण्यात ठेवून निववायचा आणि पुसून शीतखोलीत न्यायचा. दुसरी रीत निववून भरण्याची. त्यासाठी कुट्टी, गोठा, धान्याची खळी यांपासून दूर, बंद खोली हवी. उकळून उन्हात वाळवलेले कोरडे फडके हवे आणि खवा निवला की लगेच भरायचा, रात्रभर उघडा ठेवायचा नाही. हवा काढून पिशवी बंद करणारे यंत्र आता गटाच्या आवाक्यात आले आहे. ते घेतले तर बुरशीचा श्वासच बंद होतो. पण हवा काढली म्हणून थंडीची गरज संपली असे समजू नका. हवेवाचून वाढणारे घातक जंतूही असतात आणि त्यांना रोखायला थंडी लागतेच.

सगळ्यांत वाईट रीत तिसरी, आणि तीच जास्त दिसते. कोमट खवा प्लास्टिकच्या पिशवीत सैलसर भरून थेट थंडीत ठेवणे. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसा या पिशवीला आतून फुटतो. ते थेंब खव्यावर गळतात आणि नेमके त्या थेंबांच्या जागी पहिले ठिपके उठतात. माल काढतानाही हीच चूक होते. थंड डबा बाहेर आणून लगेच उघडला की बाहेरच्या हवेतले पाणी खव्यावर जमते. डबा बंदच ठेवून आधी बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. पाणी डब्याच्या बाहेरच्या अंगाला जमेल, ते पुसा आणि मग उघडा.

खरवडलेल्या खव्याचा हिशेब

बुरशी आलीच तर काय करतात? सुरीने वरचा थर खरवडतात आणि उरलेला बाजारात नेतात. थोडेच तर गेले, असे म्हणतात. हे थोडे किती, ते मोजून पाहू.

समजा एक फूट म्हणजे ३० सेंटीमीटर लांब, तितकाच रुंद, तितकाच उंच खव्याचा ठोकळा आहे. सगळ्या बाजूंनी फक्त एक सेंटीमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीइतका, थर काढला. उरला २८ सेंटीमीटरचा ठोकळा. गुणाकार करून पाहा. २७,००० पैकी २१,९५२ उरले. म्हणजे १०० किलोतले जवळजवळ १९ किलो गेले. पाच लिटरला किलो धरला तर ९५ लिटर दूध. दोन सेंटीमीटर खरवडले तर १०० किलोतले ३५ किलो जातात. बुरशी वरवरची दिसते, पण ती मालाचा तिसरा हिस्सा खाऊन जाते.

आणि हे करून माल शुद्ध होतो का? होत नाही. वर दिसतो तो बुरशीचा तुरा. तिची मुळे खव्यासारख्या मऊ, ओलसर पदार्थात खोलवर गेलेली असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. काही बुरशी विष सोडतात. ते खरवडून जात नाही आणि पुन्हा आटवून उडत नाही. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा २०११ पासून देशभर लागू आहे. असा माल पकडला गेला तर कारवाई होईल ही भीती आहेच. पण कायद्याची गोष्ट बाजूला ठेवा. हा पेढा कोणाच्या तरी पोराच्या बारशाला जाणार आहे. आपल्याला बनावट बियाणे विकणाऱ्याला आपण ज्या शब्दांत बोलतो, ते शब्द आपल्याला ऐकून घ्यावे लागू नयेत. शिवाय एका गावचा खरवडलेला खवा निघाला की सगळ्या तालुक्याचा भाव पडतो. बुरशी आलेला माल टाकून द्यायचा, तोही शिवारात पुरून, जनावरापुढे नव्हे.

दुसऱ्या वाटेने येणारी बुरशी

आतापर्यंत कढईनंतरची बुरशी पाहिली. एक बुरशी कढईआधीच दुधात शिरते, आणि ती कापूस उत्पादकाच्या दारातूनच शिरते. सरकीची ढेप, शेंगदाण्याची पेंड, मका, ओलसर जागी ठेवले की त्यांवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी येते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. जनावराने अशी ढेप खाल्ली की त्या विषाचा अंश एका दिवसाच्या आत दुधात उतरतो. बुरशी स्वतः दुधात येत नाही, तिचे विष येते. ते उकळून जात नाही, थंडीने जात नाही. दूध आटवले की पाणी उडते आणि विष मागे राहून दाट होते.

आपल्या देशात दुधातल्या या विषाला मर्यादा आहे: एका किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. म्हणजे वीस लाख किलो दुधात एक ग्रॅम. इतकी बारीक मोजणी आता प्रयोगशाळांत होते. दूध परत आले तर नुकसान आपले.

उपाय महाग नाही. ढेपेची पोती जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका, लाकडी फळीवर ठेवा. पावसाळ्यात एका वेळी थोडीच आणा. गोळा झालेली, कुबट वासाची, काळपट ढेप स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी आणि कुजका कडबा दुभत्या जनावरापुढे टाकू नका. चूक लक्षात आली तर खाद्य बदला. चांगले खाद्य सुरू झाले की चार-पाच दिवसांत दूध निवळते.

शीतगृहाच्या मालकाला काय विचारायचे?

भाड्याने जागा घेणार असाल तर पावतीवर सही करण्याआधी आत जाऊन पाहा. भिंतीच्या कोपऱ्यात, छताला काळे डाग आहेत का? असतील तर ती बुरशीच आहे आणि आतला पंखा तिचे बी सगळ्या खोलीत फिरवतो आहे. त्याच खोलीत कांदा, मोसंबी, चिंच, मिरचीची पोती ठेवलेली आहेत का? फळे आणि भाज्या सोबत बुरशी घेऊन येतात. शिवाय दुधाचा माल शेजाऱ्याचा वास ओढून घेतो. लाकडी फळ्या, गोणपाट, ओला पुठ्ठा आत आहे का? दुधाच्या मालाला धुता येणारी धातूची किंवा प्लास्टिकची मांडणी हवी, भिंतीपासून वीतभर लांब.

मग तापमापक कुठे आहे ते विचारा. दारावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, आपला तापमापक मालाच्या मधोमध ठेवा. वीज गेली तर जनरेटर आहे का, किती वेळात सुरू होतो? रोजचे तापमान वहीत लिहितात का आणि ती वही आपल्याला दाखवतील का? तापमान वर गेल्याने माल बिघडला तर भरपाई कोण देणार? हे सगळे पावतीवर लिहून घ्या. भाडे आपण पूर्ण देतो, मग माल बिघडला की दोष आपल्याच खव्याचा, हा एकतर्फी व्यवहार चालू देऊ नका. पण आपला खवा भरतानाच घाण असेल तर कोणत्या तोंडाने भरपाई मागणार? म्हणून आधी आपली भट्टी स्वच्छ, मग मालकाशी भांडण.

गटाची स्वतःची खोली असेल तर हंगामाच्या शेवटी ती पूर्ण रिकामी करा. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने भिंती, फळ्या, पंख्याची जाळी घासा. साफ धुऊन मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसा. ते पाणी अ‍ॅसिडबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. दार उघडे ठेवून खोली खडखडीत वाळवा. दर आठवड्याला माल फिरवून पाहा. जो आधी आला तो आधी बाहेर काढा. एका डब्याला बुरशी दिसली तर तो तिथे न उघडता बाहेर न्या. वीज गेली तर दार पुन्हापुन्हा उघडून पाहू नका. बंद खोली काही तास थंडी धरून ठेवते.

औषध मारून बुरशी रोखता येते का, असे विचारले जाते. चीजवर आणि काही पदार्थांत अशी द्रव्ये कायद्याने ठरवून दिलेल्या प्रमाणात चालतात आणि त्यांचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. पण दुकानातून पुडी आणून अंदाजाने चिमूटभर टाकणे हा वेडेपणा आहे. स्वच्छतेची कसर औषधाने भरून निघत नाही, हे फवारणीच्या खर्चात बुडालेल्या कापूस उत्पादकाला सांगायला नको.

आमचे मत

अनुदान यंत्रावर मिळते. उकळलेल्या फडक्यावर, बंद खोलीवर, कोरड्या हातांवर मिळत नाही. म्हणून यंत्र आधी येते आणि बाकीचे मागे राहून जाते. ज्या गावात यंत्र आले आणि माल बिघडला, त्या गावात पुन्हा वीस वर्षे कोणी एकत्र यायचे नाव काढत नाही. हे नुकसान खव्याच्या नुकसानीपेक्षा मोठे आहे. ते टाळायचे तर क्रम उलटा लावा.

आधी एक हंगाम पाच-सात भट्ट्यांनी मिळून फक्त भरण्याची रीत सुधारावी. प्रत्येक भट्टीचा एक-एक डबा, तारीख आणि खूण घालून, एखाद्या चांगल्या शीतगृहात दोन महिने ठेवावा. मग सगळ्यांच्या देखत डबे उघडावेत. कोणाचा टिकला, कोणाचा बिघडला, आणि का, ते बोलावे. यात लाज वाटण्याचे कारण नाही. बियाण्याची उगवण तपासतो तशीच ही तपासणी आहे. ज्या दिवशी सगळ्यांचे डबे निर्मळ निघतील त्या दिवशी शीतखोलीची वर्गणी काढा. तेव्हा ती खोली खरोखर तुमच्या कामाची असेल. तोवर बांधलेली खोली म्हणजे बुरशीला भाड्याने दिलेले घर.

पुढच्या जिल्हा बैठकीला ज्या गावांत खव्याच्या भट्ट्या आहेत त्या गावांतल्या भट्टी चालवणाऱ्या बायकांना बरोबर आणा. कढई त्या ढवळतात, फडके त्या धुतात, पिंडी त्या वळतात. त्यांना वगळून केलेला ठराव भट्टीपर्यंत पोहोचणार नाही. येताना आपापल्या भट्टीचा एक बंद डबाही आणा, झाकणावर तारीख लिहून. ठेवणीची सुरुवात त्या डब्यांपासून करू.